इटालियन क्रियापदांचा प्रॉम्प्टर

उदाराम रहांगडालेची कोणी तारीफ केली की माझं डोकं फिरतं. तारीफ करणारे तिसऱ्या रांगेत बसून नाटक पाहतात. मी स्टेजवर असतो, आणि हा माणूस काय चीज आहे ते मला माहीत आहे. मी टेकचंद बिसेन, तिरोड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या नाटक कंपनीत खलनायक असतो. एकतीस वर्षांत मी एकाही नाटकाचं एक पानसुद्धा पाठ केलेलं नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, झाडीपट्टीत कोणीच करत नाही.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत आज या गावात एक नाटक असतं, उद्या त्या गावात दुसरंच. पाठ करत बसायला वेळ कोणाला आहे? म्हणून स्टेजच्या पुढ्यात, तबलेवाल्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे पाठ करून प्रॉम्प्टर बसतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं नाटक आधी तो बोलतो, मागून आम्ही बोलतो. पुढच्या रांगेतल्या लोकांना दोन्ही आवाज ऐकू येतात आणि आजवर त्यावरून कोणी तक्रार केलेली नाही. प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा भागच आहे, कनात आणि खुर्च्यांसारखा.

उदाराम आमचा प्रॉम्प्टर. त्याच्या वहीत लाल पेनाच्या खुणा असतात. जिथे वाक्य तोडायचं तिथे उभी रेघ, ज्या अक्षरावर वजन टाकायचं त्याच्याखाली आडवी. 'तुला मी सोडणार नाही' यात वजन 'तुला'वर टाकलं तर एक भांडण होतं आणि 'मी'वर टाकलं तर वेगळंच. वाक्य फेकायच्या आधी तो नाकाने एक श्वास घेतो. तो श्वास ऐकू आला की आमचं तोंड आपोआप उघडतं. मला टाळ्या पडतात त्यातल्या निम्म्या त्याच्या आहेत, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

घरी मात्र हा माणूस मुका. बोदलकसा तलावाच्या पाण्यावर त्याची साडेतीन एकर धानाची शेती आहे, आणि तिथेही तो बैलांशी हाताच्या इशाऱ्याने बोलतो. शकुंतलाबाई, म्हणजे त्याची बायको, तिचं म्हणणं असं की चाळीस राजे आणि साठ बापांचे संवाद बोललेला हा माणूस ताटात भाजी संपली तर दुसऱ्यांदा मागत नाही, नुसता वाटीकडे पाहत राहतो.

त्यांची मुलगी दुर्गेश्वरी. नर्सिंग केलं, गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात तीन वर्षं काम केलं, आणि एक दिवस येऊन म्हणाली की इटलीत म्हाताऱ्या लोकांचा आश्रम आहे, तिथे नर्स पाहिजेत, नागपूरची एक एजन्सी नेते. शकुंतलाबाईने कपाळाला हात लावला. उदाराम भिंतीकडे पाहत राहिला. पण पोट्टी जिद्दीची निघाली. सहा महिने शिकून लेखी परीक्षा पास झाली. उरली तोंडी. तिकडच्या आश्रमाने जागा मार्चपर्यंत धरून ठेवली होती. तोवर तोंडी परीक्षा निघाली नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

तिला शिकवायला केरळची एक सिस्टर होती, चौदा वर्षं इटलीत राहून आलेली. संध्याकाळी फोनवर क्लास चालायचा आणि उदाराम अंगणात शेंगा सोलत ऐकायचा. सिस्टरची रोज एकच बोंब. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर, पण क्रियापदावरचा आघात भलत्याच जागी. अशी बोललीस तर तिथल्या आजीबाईला वाटेल नर्स रेडिओ वाचते आहे. आपल्या मराठीत काय, सगळी अक्षरं एका रांगेत प्रसादाला बसल्यासारखी, कोणाला जास्त नाही कोणाला कमी नाही. तिकडे तसं चालत नाही. प्रत्येक शब्दात एका तुकड्यावर वजन पडलंच पाहिजे, आणि ते कुठे पडेल हे लिहिलेलं नसतं.

तीन आठवडे उदारामने हे ऐकून घेतलं. चौथ्या आठवड्यात शेंगांचं सूप बाजूला सारून उठला आणि लाल पेन घेऊन आला. म्हणाला, "तुयी सिस्टर बरोबर म्हनते. तू सारे शब्द एकाच वजनानं टाकून राहिली. आन ते वही इकडे."

पुढचे दोन महिने त्या घरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उदारामला इटालियनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नाटकातही त्याला अर्थाशी फारसं देणंघेणं नसतं. पण वजन त्याला कळत होतं. मुलीकडून एकेक क्रियापद त्याने देवनागरीत उतरवून घेतलं, उभ्या रेघा मारून तुकडे पाडले आणि सिस्टरच्या तोंडून ऐकून वजनाखाली आडवी रेघ ओढली. पार्लो, पार्ली, पार्ला, म्हणजे मी बोलतो, तू बोलतो, तो बोलतो. वजन पहिल्या तुकड्यावर. मग पार्ल्यामो, आम्ही बोलतो, आणि वजन सरकलं मधल्या तुकड्यावर. पार्लाते, तुम्ही बोलता, तिथेही मधल्यावर. आणि मग येते ती खरी खोड, पार्लानो, ते बोलतात. दुर्गेश्वरी बिचारी मधल्यावरच जोर द्यायची, कारण शेजारचे दोन्ही तसेच. पण तिथे वजन परत पहिल्यावर जातं.

एका संध्याकाळी उदारामने हिशेब लावला. एकटा असो की 'ते' असोत, वजन आपल्या मूळ घरी राहतं. फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही' आले की जागचं हलतं. सिस्टरने फोनवर त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. म्हणाली, हेच सांगायला मला पुस्तकाचं दीड पान लागतं.

तुकडे पाडण्यातही कमी भानगडी नव्हत्या. पार्लो लिहिलं की आपला रफार जाऊन बसतो 'लो'च्या डोक्यावर, पण तिकडे तो 'पा'च्या घरचा. पार, मग लो. तेवढं त्याला पहिल्याच दिवशी उमगलं. आस्पेत्तानो, म्हणजे ते वाट पाहतात, याचे त्याने कोणीही शहाणा माणूस पाडेल तसे तुकडे पाडले, आस, पेत, ता, नो. सिस्टर म्हणाली नाही, 'स' मागच्याला नाही, पुढच्याला जातो. आ, स्पेत, ता, नो. तीस-एकतीस वर्षांत उदारामच्या वहीतली रेघ कोणी खोडली नव्हती. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. म्हणजे एरवीही बोलत नाही, पण त्या दोन दिवसांचं न बोलणं वेगळं होतं असं शकुंतलाबाई सांगते.

सगळ्यात जास्त जीव त्याचा जडला तेलेफोनानो या शब्दावर. ते फोन करतात, एवढाच अर्थ. तुकडे पाच आणि वजन दुसऱ्यावर, मागे तीन तुकडे उरतात ते एका दमात घरंगळत न्यायचे. ते-ले-फोनानो. इटलीत वर्षानुवर्षं राहिलेले लोक तिथे पडतात म्हणे. उदाराम शेताच्या धुऱ्यावरून चालताना हेच म्हणत जायचा, हाताने मांडीवर ताल देत. एकदा त्याला कालव्यावर भेटलेल्या बिसराम गुरुजींनी मला दुकानात येऊन हळूच विचारलं की उदारामने कोणत्या महाराजांचा मंत्र घेतला. मी म्हटलं इटलीचे आहेत. गुरुजींनी मान डोलावली आणि निघून गेले.

दुर्गेश्वरीचं बोलणं सुधारलं. सुधारलं म्हणजे काय, सिस्टर म्हणाली आता तू बोलतेस, वाचत नाहीस. बाप समोर बसायचा, वाक्य फेकायचा, मुलगी उचलायची, खणखणीत. मी दोनदा ऐकायला गेलो आणि वाहवा करून आलो. आता वाटतं, माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही. बापाचा श्वास ऐकल्याशिवाय पोरीचं तोंड उघडत नव्हतं आणि मला ते दिसलं नाही. कसं दिसणार, माझंही तेच आहे.

परीक्षा जानेवारीत होती, दुपारी अडीचला, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कारण गावात नेटचं काही खरं नसतं. समोर लॅपटॉपवर इटलीतली मॅडम. नियम असा की खोलीत दुसरं कोणी नको, कॅमेरा चारी बाजूंनी फिरवून दाखवायचा. दाखवला. उदारामने मला शपथेवर सांगितलं होतं की तो बाहेर काउंटरपाशी बसेल आणि चूं करणार नाही. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. मी शेजारीच बसलो.

नाव, गाव, शिक्षण, इथवर सुरळीत गेलं. मग मॅडमने विचारलं, तुझी आई दिवसभर काय करते? प्रश्न एवढासा. पण आतून आवाज येईना. एक सेकंद गेला, दोन गेले, पाच गेले.  आणि बाजूला उदाराम. त्याच्या अंगात काय शिरलं ते मला नक्की माहीत आहे, कारण स्टेजवर मी असा अडकलो की त्याचा चेहरा असाच होतो. त्याने नाकाने श्वास घेतला आणि सरावात त्या प्रश्नामागे यायचं ते वहीतलं वाक्य फेकलं.

"मिया माद्रे लावोरा नेइ काम्पी."

माझी आई शेतात काम करते. आतून दुर्गेश्वरीने तत्काळ तेच वाक्य उचललं, वजन जिथल्या तिथे. त्याने दुसरं फेकलं, ती पहाटे उठते. तिने उचललं. तिसरं फेकलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबायला झेपावलो तर काउंटरवरचा स्क्रीनगार्डचा डबा पालथा झाला आणि खळकन आवाज झाला. त्या माणसाला अजून कळलं नव्हतं की काही चुकलं. डोळ्यांनी मला विचारत होता, अरे, नाटक चालू असताना हे काय? त्याच्या हिशेबाने मॅडमला दोन आवाज ऐकू आले तर आले. आपल्याकडे कोणाला राग येतो?

मॅडमला आला. तिने विचारलं, बाहेर कोण पुरुष बोलतो आहे?

आणि मग दुर्गेश्वरी बोलायला लागली. सात-आठ मिनिटं बोलली. रडत होती, चिडली होती, आणि इटालियनमध्ये बोलत होती, बाहेरून एक शब्द न मिळता. काय बोलली ते तिने नंतर सांगितलं. ते माझे वडील आहेत. चोर नाहीत. आमच्याकडे नाटकं असतात, ते पुढे बसून सगळ्यांची वाक्यं आधी बोलतात, आणि बोलणारा माणूस गप्प झाला तर त्यांच्याने पाहवत नाही. त्यांना तुमच्या भाषेतलं काही समजत नाही, पण तुमचं प्रत्येक क्रियापद त्यांना पाठ आहे. मी थांबले ही माझी चूक. मॅडम ऐकत राहिली आणि म्हणाली, सुज्जेरितोरे. तिकडे मोठ्या गाण्याच्या नाटकांत असा माणूस असतो, स्टेजच्या पुढे त्याच्यासाठी खास खड्डा केलेला असतो. मग म्हणाली, नियम तो नियम. आजची परीक्षा रद्द. बारा फेब्रुवारीला पुन्हा, तीच शेवटची. आता सात मिनिटं बोललीस तशी त्या दिवशी बोल. एकटी.

घरी चूल पेटली नाही. दुर्गेश्वरी बापाशी चार दिवस बोलली नाही. शकुंतलाबाईने त्याला फार सुनावलं. एकतीस वर्षं लोकायच्या पोरायचे संवाद वाचवले आणि आपल्याच पोट्टीचं तोंड बंद केलं, असं म्हणाली आणि स्वतःच रडत बसली. उदारामने इटालियनची वही पेटीत टाकून कुलूप लावलं. मला दुकानात येऊन म्हणाला, मी पाप केलं, टेकचंद. मी म्हटलं हो केलंस. मी काही त्याची समजूत घालणार नव्हतो. मग जरा वेळाने त्याने हळूच विचारलं की तो खड्डा केवढा असतो, म्हणजे त्यात कंदील ठेवायला जागा असते का. मी त्याला हाकलून दिलं.

बारा तारखेला त्याला दूर पाठवायचं असं मी ठरवलं होतं. चोरखमाऱ्याला त्याची बहीण असते, तिथे नेऊन सोडायचं आणि दार लावून घ्यायचं. पण दुर्गेश्वरी नाही म्हणाली.

"काकाजी, बाबूजी दूर गेले तर मले त्यायचीच चिंता लागन. जवळ राहू द्या. पन बोलाचं नाही."

आता हे कसं जमावं? दारूड्याला भट्टीवर बसवून पिऊ नको म्हणण्यासारखं. मी सगळे उपाय सुचवले, तोंडावर पट्टी बांधण्यापर्यंत.  बारा तारखेला अडीचला पाच कमी असताना उदाराम उठला, माझ्या दुकानातल्या माठातून लोटाभर पाणी घेतलं, गाल फुगेपर्यंत तोंडात भरलं, आणि काउंटरमागे स्टुलावर मांडी घालून बसला. माणूस तोंडात पाणी धरून प्रॉम्प्टिंग करू शकत नाही. एवढी साधी अक्कल मला सुचली नव्हती.

पुढची सव्वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक. एक बाई चार्जर बदलायला आली, उदारामकडे पाहून म्हणाली, दाढ सुजली का जी? मी म्हटलं हो, दोन्हीकडची. मग ओमेश हा पोहरा गावचा मंडईवाला आला, त्याला पुढच्या वर्षीच्या नाटकाची तारीख पाहिजे होती आणि ती उदारामच्याच तोंडून पाहिजे होती. उदाराम त्याच्याकडे टकमक पाहत बसला. ओमेशला वाटलं कंपनी भाव वाढवून राहिली. तावातावाने निघून गेला, आणि ती मंडई आमच्या हातची गेली ती गेलीच.

आत पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला पोरगी थांबली.

तीच शांतता. मी मोजायचं नाही म्हटलं तरी मोजत होतो. चार, पाच, सहा. माझ्याने राहवेना, मीच उठलो, काय करणार होतो देव जाणे, मला तर इटालियनमध्ये नमस्कारही येत नाही. उदारामने माझं मनगट धरून मला खाली ओढलं. त्याचे डोळे बाहेर आले होते. मिशीवरून पाण्याची धार लागली होती. आणि नाकाने श्वाससुद्धा घेत नव्हता. आत ऐकू जाईल म्हणून माणूस श्वास रोखून बसला होता. गाल लालेलाल झाले. मला वाटलं आज हा माझ्या दुकानात मरणार आणि पोलिसांना मी काय सांगणार.

मग ती बोलली. हळू सुरुवात केली, मग वेग घेतला, आणि बोलतच गेली. दवाखान्यातल्या पेशंटांचे नातेवाईक काय करतात असा काहीतरी प्रश्न होता. एका जागी तो पाच तुकड्यांचा शब्द आला आणि सरळ निघून गेला. उदारामने नाकाने श्वास सोडला. मला रडू आलं, लपवून कायले ठेवू? खलनायक असलो म्हणून काय झालं.

दुर्गेश्वरी बाहेर आली तेव्हाही त्याचे गाल तसेच फुगलेले. ती म्हणाली, "गिळा ना आता, बाबूजी, झालं." त्याने गिळलं. खोकला. मग पहिलं वाक्य काय बोलावं, तर म्हणाला की तिसऱ्या प्रश्नाले काऊन थांबली होती? ती म्हणाली, सवय हाये ना, तुमची वाट पाहत होती. मग आठवलं का तुमच्या तोंडात पानी आहे, मग माहं मीच बोलली.

नऊ दिवसांनी निकाल आला. पास. एजन्सीचा फोन आला, तिकीट आलं, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे तिरोडा स्टेशनवर उभे. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे विमान, बरोबर आणखी चार मुली. शकुंतलाबाई अर्धा तास एकटीच बोलत होती. स्वेटर कुठे ठेवला, लोणच्याची बरणी उभी ठेव, रोज फोन कर, तिकडची माणसं कशी असतील देव जाणे. मीही दोन-चार उपदेश केले. उदाराम बॅगेच्या पट्ट्याशी खेळत उभा होता.

गाडी आली. दोन मिनिटांचा थांबा. दुर्गेश्वरी आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, मग बापाच्या पाया पडली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. हा गप्प. ती डब्यात चढली, दारात उभी राहिली. हा गप्पच. मला असा संताप आला की त्याला कोपरखळी मारली. म्हटलं, अरे, बोल ना काही, पोट्टी चालली.

तो म्हणाला, "काय बोलू? मले कोनी सांगतलं नाही."

दुर्गेश्वरीने ते ऐकलं. दांडी धरून खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हना बाबूजी, सुखानं जाय, बाई."

"सुखानं जाय, बाई," उदाराम म्हणाला.

"घरची फिकर करू नको."

"घरची फिकर करू नको."

"मी रडनार नाही."

गाडी हलली. तिने पुन्हा एकदा म्हटलं, डबा पुढे सरकत होता तरी वाकून म्हटलं. ते वाक्य त्याने उचललं नाही.